ट्राउटसाठी लागणाऱ्या अगदी मोजक्या वस्तू

६ एप्रिल
पतलीकूहलहून नेगीसाहेबांचा फोन. आमच्या दीक्षाचं आणि त्यांच्या अनूपचं आपसात ठरलेलंच आहे, आता वडीलधाऱ्यांनी ठरवल्यासारखं करायचं. २५ तारखेला घर बघायला येतायत. बोलता बोलता म्हणाले, तीर्थनच्या काठी राहता, म्हणजे ट्राउट धरत असाल. म्हटलं, लहानपणापासून. हे तसं खोटं नाही. लहानपणापासून नदीकाठी राहतोय आणि ट्राउट खातोय. मधलं काम दुसऱ्यांनी केलं, एवढंच. ते खूश. म्हणाले, मग एक सकाळ आपण दोघं नदीवर.
रूपदासी शेजारीच लोकर विणत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही बादलीतल्या माशाला हात लावताना ओरडता." बायकोचं बोलणं मनावर घ्यायचं नाही.
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे सराव.

७ एप्रिल
सराव नाही. सामानाशिवाय सराव केला तर हाताला वाईट वळण लागतं. आधी सामान. गरजेचं तेवढंच: रॉड, रील, दोरी, गळ. बाकी सगळा दिखावा.

११ एप्रिल
कुल्लूला गेलो. दुकानदाराने विचारलं, फ्लाय की स्पिनर? स्पिनर म्हणजे चकचकीत पत्रा, टाकला की झालं. फ्लाय म्हणजे पिसांची खोटी माशी, लांब दोरी हवेत खेळवून पाण्यावर अलगद टेकवायची. मी फ्लाय म्हटलं. तो म्हणाला, नवशिक्याला स्पिनर बरा. मी नवशिका आहे हे त्याला कोणी सांगितलं, कळलं नाही.
खिसेवालं जाकीट पण घेतलं. गरजेचंच आहे, नाहीतर गळ ठेवणार कुठे?

१५ एप्रिल
जाकिटाचे खिसे रिकामे असले की माणूस नवखा दिसतो. म्हणून चिमटा, छोटी कात्री, पिसांच्या माशांची डबी, पाण्यातलं दाखवणारा काळा चष्मा. रूपदासीने विचारलं, "आणि मासा कुठल्या खिशात?" म्हणून जाळं घ्यावं लागलं. हा खर्च तिच्यामुळे.

१८ एप्रिल
वेडर्स आले. छातीपर्यंतची रबरी विजार, बूट जोडलेली. घरात घालून बघितली. काढता येईना. शेवटी मायलेकींनी एकेक पाय धरून ओढली. रूपदासी हसून हसून खाली बसली. दीक्षा हसली नाही. म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना त्यांना, येत नाही म्हणून. रागावणार नाहीत ते." आवाज अगदी बारीक. तिला धीर दिला. म्हटलं, काळजी करू नकोस, पाणी आत शिरू नये म्हणून याच्यावर कमरेचा पट्टाही असतो, मागवलाय.

२२ एप्रिल
सराव. सफरचंदाच्या बागेत केला, नदीला सध्या बर्फाचं पाणी आहे. दोरी फांदीत अडकली. ओढली तर फुलोऱ्याची अख्खी डहाळी हातात. रूपदासी म्हणाली, "या झाडाला यंदा फळ नको का?" चूक झाडाची. नदीत झाडं नसतात. तयारी पूर्ण.

२५ एप्रिल, दुपार
नेगीसाहेब आले. उंच, कमी बोलणारे, डोक्यावर वडिलांची जुनी कुल्लू टोपी. सामान म्हणाल तर एक जुना रॉड आणि झोळी. बिचारे. माझ्याकडे बघून म्हणाले, "किती दिवसांसाठी निघालोय आपण?" कौतुकच असणार.
पट्टा अजून आलेला नाही. काठावर त्यांनी मासेमारीचा परवाना विचारला. तो एकाही खिशात नव्हता. रूपदासीने परवाच दोघांचा काढून ठेवला होता, चहाच्या थर्मासबरोबर तोही घेऊन आली.
पाण्यात उतरलो. दोरी मागे नेली, पुढे आणताना जड लागली. "लागला," म्हणून जोरात ओढली. नेगीसाहेबांची टोपी माझ्या डोक्यावरून उडत जाऊन धारेत पडली. ती धरायला पुढे पाऊल टाकलं तर वेडर्समध्ये पाणी शिरलं. नेगीसाहेबांनी जाकिटाला धरून ओढून काढलं. जाकीट उसवलं नाही. माल चांगला आहे.
गळातून सुटून टोपी खाली वाहत चालली होती. रूपदासी अंगावरचा लोकरी पट्टू खोचून दगडांवरून धावली आणि गुडघाभर पाण्यातून ती काढून आणली. पिळून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "भाईसाहेब, यांना ट्राउट धरता येत नाही. कधीच येत नव्हतं. मुलीच्या लग्नापायी थाप मारली. आमच्या घरात लपवण्यासारखं एवढंच होतं, ते तुम्ही बघितलं."
नेगीसाहेब टोपी गुडघ्यावर वाळत घालून बसले. जेवताना राजमा मागून घेतला. निघताना म्हणाले, घरी बोलून कळवतो.

२६ एप्रिल
फोन नाही. दीक्षाने वाढलं. मी म्हटलं, दोरी जरा हलकी घ्यायला हवी होती. ती ताटावरून उठून गेली.
आणखी कुठली वस्तू आणली असती तर हे टळलं असतं, याचा विचार केला. एकही सुचली नाही.

२८ एप्रिल
फोन आला. मी नमस्कार केला. ते म्हणाले, वहिनींना द्या. रूपदासी बराच वेळ नुसती ऐकत होती. मग "बरं" म्हणाली आणि डोळे पुसले. संबंध पक्का. म्हणाले म्हणे, मुलगी आईवर गेलीय ना, मग आम्हाला आणखी काही बघायचं नाही. दीक्षा आईच्या गळ्यात पडली.
म्हणजे नदीवरच्या सकाळीनेच काम केलं. योजना माझीच होती. रूपदासीला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का?
ती आठवत राहिली. मग म्हणाली, "हो, विचारलं ना. सर्दी झाली नाही ना म्हणून."