एका घरात दोन राजदूत

३ फेब्रुवारी

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

छत्तीस वर्षांची नोकरी मार्चअखेर संपते. सरकारने दिलेलं हे अकरावं घर सध्या आवरतोय. गंमत म्हणजे आमच्यात जुना आणि नवा राजदूत एका गावात कधी एकत्र नसतात. जुना विमानात बसला की मग नवा उतरतो. टेबलावर फक्त एक टिपण असतं, कुठला नळ गळतो, कोणता मंत्री कशाने खूश होतो.

आता आपल्या घरी कायमचं यावं म्हणतो. तुम्हीही असंच एक टिपण पाठवा.

आपला, धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शाळेत कविता अख्खी पाठ म्हणून झाल्यावर ‘आता बस खाली’ ऐकू यायचं तसं झालं. तुझं टिपण देतो. वरच्या खोलीची खिडकी खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. शेजारचे डॉक्टर बुद्धिबळात हरले की दोन दिवस अबोला धरतात, तेव्हा अधूनमधून आपणच हरावं. स्वयंपाकाच्या बाई नऊला येतात, पहिला चहा तूच कर.

जुना गेला की मगच नवा येतो, हा तुझा इशारा समजला. तू एप्रिलच्या पहिल्या तारखेला येणार, मी आदल्या दिवशी लेकीकडे जातो, कायमचाच. पहाटे खड्या आवाजात कविता म्हणणारा म्हातारा तुला कुठे सोसायचा? लेक म्हणते, काका असं बोललेत का? मी म्हटलं, अगं, राजदूत असं तोंडाने बोलत नसतात. एक ट्रंक तिच्याकडे पोचलीसुद्धा.

सुखी राहा. दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार नंतर, आधी भांडण.

आयुष्यभर इतकं आडून बोललो, की आता नुसत्या गप्पा मारल्या तरी घरची माणसं त्यात इशारे शोधतात. राजधानीतल्या एका समितीवर तीन वर्षांसाठी बोलावत होते. परवाच नाही म्हणून कळवलं, ते काय रिकाम्या घरात येऊन बसायला?

अकरा वेळा सामान घेऊन दारात उभा राहिलो. माळी, स्वयंपाकी, शिपाई ओळीने हजर असायचे, आणि राहणारा माणूस तेवढा आदल्या दिवशी गेलेला. म्हणून नोकरीत कधी लिहिलं नाही इतकं सरळ लिहितो. दादा, जाऊ नका.

उलट टपाली हो की नाही ते कळवा. ‘विचार करतो’ हे उत्तर मी स्वतः फार वेळा दिलंय, ते चालणार नाही.

तुमचाच, धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हो.

ट्रंक काल परत आली. लेक फुरंगटली आहे, माझ्या खोलीसाठी तिने पडदे शिवले होते. तेच आता तुझ्या खिडकीला पाठवलेत, आणि निरोप दिलाय की काकांनी यापुढे घरात मराठी बोलावं, सरकारी नको.

गाडी किती वाजता पोचते ते लिहिलं नाहीस. लिहूही नकोस. पहिल्या तारखेला सकाळपासून मी दारातच खुर्ची टाकून बसणार आहे. डॉक्टर म्हणाले, ऊन लागेल, आत बसा. मी म्हटलं, बसू द्या हो, अकरा वेळचं राहून गेलंय.

लोभ आहे तिथेच आहे, आणि मीही.

दादा