अकरा चाळीस ते बारा वीस

सोमवार, ४ मार्च
आज रुजू झाले. सत्तावन्नाव्या वर्षी नव्या वहीचं पहिलं पान उघडताना शाळेचा पहिला दिवस आठवला. कडक इस्त्रीचा झगा आणि चकचकीत बूट. कॉन्व्हेंटच्या आमच्या मदर म्हणायच्या, पहिली ओळ नीट आली की पान नीट येतं.

तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवला. हे गेल्यावर तीच खोली खायला उठायची. लेक फोनवर म्हणाली, आई, जरा माणसांत जा. गेले ती थेट मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत! लेकीने कपाळावर हात मारला असणार, फोनवर दिसला नाही एवढंच.

सकाळी आठ ते दोन अशी पाळी. डॉक्टरांची खोली इवलीशी: टेबल, लोखंडी कपाट, गजांची खिडकी. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आत उघडलं तर खुर्चीला जागाच उरणार नाही. आतून नवी कोरी पितळी कडी आहे. मी कौतुक केलं, तर मावशी म्हणाल्या, कडी नवी हो बाई, दार तेच आहे. मावशी इथे बावीस वर्षं झाडलोट करतात, त्यांना सगळं ठाऊक. कडीच्या खाली जुन्या कडीची चार भोकं दिसतात. तिथलं लाकूड पार उपसून निघालं आहे.

गुरुवार, ७ मार्च
माझ्या जोडीला सव्वीस वर्षांची डॉक्टर आहे. एवढीशी कुडी आणि सतत किलबिल, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. अक्षर मात्र कावळ्याच्या पायाचं. मी म्हटलं, आमच्या शाळेत असतीस तर सिस्टरांनी पट्टीने बोटं सरळ केली असती. ती म्हणाली, म्हणून तर नव्हते. दुपारी तिने माझ्या डब्यातला शेवटचा घास न विचारता उचलला. लेकीची फार आठवण झाली.

टेबलाच्या खणात एक चष्मा सापडला, एकाच काचेचा. माझ्या आधीच्या डॉक्टरांचा. ते रजेवर आहेत, असं नर्सबाई म्हणाल्या. केव्हा येणार, विचारलं तर सलाईन बदलायला निघून गेल्या. मग मावशींनीच सांगितलं. एक पेशंट गेल्यावर त्या सरांनी लगेच बाहेर जाऊन खरं सांगितलं. पाच मिनिटांत बाराजण अंगावर आले. सर पळत या खोलीत शिरले, कडी लावली. ती कडी कितीशी टिकणार!

तेव्हापासून इथे एक पद्धत पडली आहे. तिला म्हणतात ‘वेळ घेणे’. माणूस गेला की हिरवा पडदा ओढायचा, प्रयत्न चालू आहेत असं सांगायचं, जवळच्या नातेवाइकाला काहीतरी आणायला पिटाळायचं आणि चौकीला फोन करायचा. पोलीस आले की मग सांगायचं. मृत्यूची वेळही तेव्हाचीच लिहायची.

शुक्रवार, ८ मार्च
एका सुताराची बायको आली. जिन्यावरून पडलेली, पोटात रक्तस्राव. कानावर पेन्सिल तशीच अडकवून तो तिला हातांवर उचलून घेऊन आला. आम्ही सगळं केलं, खरंच सगळं. अकरा चाळीसला ईसीजीच्या पट्टीवर सरळ रेघ आली.

नर्सबाईंनी पडदा ओढला. चिमणीने चिठ्ठी लिहिली, रक्त दोन पिशव्या, तातडीने. सुतार धावत सुटला. रक्तपेढी रस्त्यापलीकडे, चार मजले चढून. पडद्यावर सावली दिसते, म्हणून मला छाती दाबत राहायला सांगितलं. मी चाळीस मिनिटं त्या गेलेल्या बाईची छाती दाबत होते. तिच्या बांगड्या वाजत होत्या.

बारा वीसला पोलीस आले. तेवढ्यात तो परतला. तिला रक्त गार लागू नये म्हणून त्याने पिशव्या शर्टाच्या आत छातीशी धरल्या होत्या.

मृत्यूचा दाखला मी लिहिला. सुरेख, गोल अक्षरात. वेळ: अकरा चाळीस. खोटी वेळ लिहायला हात वळलाच नाही. चिमणीच्या लक्षात आलं तेव्हा दाखला त्याच्या हातात गेलेला होता.

सोमवार, ११ मार्च
तो सुतार आमच्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसला होता. शांतपणे. मावशी म्हणतात, शनिवारीही आला होता, रविवारीही. अकरा चाळीसला येतो, बारा वीसला उठून जातो.

मी बाहेर गेले तर उभा राहिला. म्हणाला, बाई, दाखल्यावर अकरा चाळीस आहे. मग रक्त मी कुणासाठी आणत होतो? वाटेत मेव्हणीला फोन केला होता म्हणे, रक्त मिळालं, आता ती वाचते.

बुधवार, १३ मार्च
मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं. म्हणाले, बसू दे हो, बाकाला काय भोक पडतंय? मारहाण केलीय का त्याने? नाही ना?

आज त्याने मावशींना खिशातली चिठ्ठी दाखवली. ही कुणी लिहिली तेवढं सांगा, म्हणाला. चिठ्ठीवर सही नाही. मावशींनी कानांवर हात ठेवले.

जाताना त्याने दारावरून तळहात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मावशींना म्हणाला, कडी भक्कम आहे, पण बसवणारा अडाणी. बिजागऱ्या बाहेर ठेवल्यात.

गुरुवार, १४ मार्च
दार पाहिलं. खरं आहे. तीन बिजागऱ्या, तिन्हींचे खिळे बाहेरून दिसतात. खालून एक ठोका दिला की वर येतील. मग आतून कडी लावली काय, न लावली काय.

बदलून द्या म्हणून अर्ज दिला. सुतार पुढच्या आठवड्यात येईल, असं उत्तर आलं. सुतार –

आज डबा पुढे केला, चिमणीने घास उचलला नाही.

शुक्रवार, १५ मार्च
मी त्याला सांगितलं, चिठ्ठी माझी.

त्याने दाखला काढला. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, नीट कडा जुळवून. म्हणाला, बाई, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. हे तुमचं नाही. तुम्ही खरं लिहिणाऱ्या. तुमच्याशी भांडण नाही.

मग चिमणीच्या हातातल्या केसपेपराकडे त्याची नजर गेली.

मांडीवरची चिठ्ठी त्याने पुन्हा एकदा पाहिली.

शनिवार, १६ मार्च
अकरा चाळीसला आला. आज हत्यारांची पिशवी आहे. वॉचमन चहाला म्हणून गेला तो गेलाच.

आम्ही दोघी आत. कडी लावली आहे. कपाटातले कप्पे काढून चिमणीला आत बसवलं. एवढीशी कुडी, मावली. तिचा पांढरा कोट मी घातला आहे. खांद्यात घट्ट होतो.

चौकीला फोन केला. निघालो, वाटेत आहोत, असं म्हणाले. अकरा पन्नासलाही तेच. बाराला तेच.

तो ओरडत नाही. मावशी बाहेर त्याच्या विनवण्या करताहेत, लेकरू आहे रे, बाबा. तो दाराशी तोंड आणून हळू म्हणाला, वेळ घ्या बाई.

टक् – टक् –

खालची निघाली. जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

चिमणीसारखं अक्षर काढून पाहते आहे. त्याच्यासमोर लिहून दाखवलं तर पटेल कदाचित. रक्त दोन पिशव्या तातडीने. रक्त दोन पिशव्या तातडीने. जमत नाही. ओळ सरळच येते. सिस्टरांनी बोटं फार पक्की केली –

कपाटातून हुंदका. गप्प बाळा, गप्प –

मधली –

लेकीला सांगा, मी माणसांत –

दार वरून लटकतंय. फटीतून पेन्सिल दिसते, कानावरची.

घड्याळ समोर आहे. वेळ लिहून ठेवते. खरी. बारा वाजून वी