कानावरचा तीळ

टोकियो, डिसेंबर

प्रिय ताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही वाचून दाखवू नकोस.

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या आमच्या चित्रकथासंग्रहावर त्या समीक्षक कुरोमियानं पेपरात लिहिलं होतं, 'असे पुरुष जगात नसतात, या बायकांनी भात शिजवावा.' तू रडलीस. मी नव्या संग्रहात त्यालाच रेखाटलं. कानावरचा तीळ, बोट चाटून पान उलटायची खोड, सगळं तस्संच. आणि एका तरुण न्हाव्याच्या दारात ढसाढसा रडायला लावलं.

परवा त्यानंच लिहिलेलं परीक्षण आलं: 'अखेर एक खरा पुरुष!' मेल्यानं स्वतःला ओळखलंच नाही.

बायकोनं मात्र ओळखलं. तिनं मला संत्र्यांची पेटी पाठवलीय. आत चिठ्ठी: "पुढच्या वेळी अजून रडवा."

अर्धी संत्री तुला धाडतेय.

तुझी शाईनं बरबटलेली,
मिनेको