सातशे घोडे आणि शांतलिंगकाकांचे दोन बैल

माकणी, ता. लोहारा
रविवार

तीर्थरूप भागवतमामा,

तुमच्या भाचीचा, करिश्माचा, माकणीहून वाकून नमस्कार. एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. परवा जेवताना आबांनी विचारलं, "मेंढरू दोन वर्सं नुसतं बांधून ठिवलं तर त्याची किंमत उतरती. मग भागवतरावांची गाडी बांधून ठिवल्यावर तिची कशी काय चढती?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरातली पहिली पदवीधर, बी.कॉम. प्रथम वर्ग, भिंतीवर फोटो. मी मागणी आणि पुरवठा असं काहीतरी सांगायला लागले. आबा म्हणाले, "पुरवठा कुठला आलाय, एकच हाय की," आणि भाकरी कुस्करायला लागले. तेव्हापासून मी विचार करते आहे, उत्तर सापडलेलं नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं बीपी? पुण्यात पाणी एक दिवसाआड येतं असं ऐकलं. इथं सगळे खुशाल आहेत. गाडीही खुशाल आहे (हे वाक्य पूर्ण खरं नाही, पण क्रमानं सांगते). फोनवर तुम्ही "बरं बरं, ठीक हाय" म्हणून दोन मिनिटांत ठेवून देता आणि मला मुद्द्यापर्यंत पोचू देत नाही, म्हणून हे पत्र. आई शेजारी बसून ऐकणार आहे, मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचते आहे.

गाडी आल्यापासून आईला एकच काम झालं आहे. पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत ती तुमची गोष्ट सांगते: माझा भाऊ सातवी शिकला, पुण्याला गेला, शेठच्या घरी बावीस वर्षं ड्रायव्हर होता, शेठचा त्याच्यावर इतका जीव की परदेशातल्या मुलीकडं कायमचं राहायला जाताना त्यांनी आपली सर्वांत लाडकी अमेरिकी गाडी त्यालाच बक्षीस दिली, आणि पुण्यात ठेवायला जागा न्हाय म्हणून ती आता माझ्या दारात. मग ती सुपरचार्जर म्हणजे काय ते सांगते. मी तिला समजावलं होतं की इंजिनावर एक यंत्र बसवलेलं असतं, ते हवा दाबून आत भरतं, त्यामुळं इंधन जोरात पेटतं. ती म्हणाली, "म्हंजी फुकणीच की." मी सहा पानांचं माहितीपत्रक इंग्रजीतून वाचलं होतं, त्यात याहून जास्त काही नव्हतं.

तुम्ही गाडीच्या वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून दिलेले नियम मी अक्षरशः पाळले. एकही भाग बदलायचा नाही, रंगाला हात लावायचा नाही, मीटर सहा हजार तीनशे बारावरून हलवायचं नाही. अशा गाड्या आता बनायच्या बंद होत आहेत, पुढं सगळं बॅटरीवर चालेल, तेव्हा जी गाडी जशीच्या तशी राहील तिला लोक दागिन्यासारखं शोधत येतील, हे तुम्ही म्हणाला होता आणि मला ते फार पटलं. म्हणून पहिल्या दिवशी पूजा करताना मी बॉनेटवर वह्यांना घालतात तो पारदर्शक कागद अंथरला आणि आईला स्वस्तिक त्यावर काढायला लावलं. आई म्हणाली, "देवीला काय प्लास्टिकवरनं हळदीकुंकू लावतीस का गं? पोचायचं तरी का?" चाकाखाली लिंबं ठेवली. ती चिरडायची तर गाडी पुढं घ्यावी लागणार, आणि घेतली तर मीटर हलणार. शेवटी इंजिन बंद ठेवून पाच माणसांनी ढकलली. चारातली तीन लिंबं फुटली. चौथं बाजूला सरकलं, आणि पुढं जे झालं त्याचा दोष आई अजून त्या लिंबालाच देते.

झालं ते असं. सुरजचं लग्न ठरलं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, आबांच्या थोरल्या भावाच्या मुलाचं. आपल्याकडं लग्नाआधी नवरदेवाचा परण्या निघतो, वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, हे तुम्हाला सांगायला नको. तो परण्या ह्याच गाडीतून निघणार असं तारामतीकाकूंनी, म्हणजे सुरजच्या आईनं, आम्हाला न विचारता साऱ्या भावकीला सांगून टाकलं. मी नियम सांगितले. वही दाखवली. काकू वही उलटी धरून म्हणाल्या, "लिवलंय ते बराबर हाय गं बाई. पर दारात हत्ती आणि नवरदेव फटफटीवर, हे कुठं लिवलंय का?" दोन दिवस त्या आईशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आईच माझ्याशी बोलेना.

तेव्हा मी तोडगा काढला. (मामा, इथं मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, तो किती वेळ टिकला ते पुढं येईल.) मीटर इंजिनावर चालतं, तर इंजिन चालूच करायचं नाही. पुढच्या बंपरखाली ओढायची कडी लावतात तिथं दोर बांधायचा आणि गाडी शांतलिंगकाकांच्या बैलांनी ओढायची. परण्याची चाल तशीही मुंगीची. सुरजला गाडी मिळेल, काकूंना मान मिळेल, मीटर जाग्यावर राहील. शांतलिंगकाका आमचे शेजारी, त्यांची जोडी गावात पहिल्या नंबरची. त्यांनी एकच विचारलं, "किती घोड्याची हाय म्हनली ही?" मी म्हणाले, सातशे. काकांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बगा रे, सातशे बसून खात्यात आन् वढायचं तुमी दोघांनी."

परण्या निघाला तेव्हा मामा, तुम्ही पाहायला हवं होतं. पुढं बँड, मग घुंगरं बांधलेली पांढरी जोडी, मागं आपली काळीशार गाडी, आत फेटा बांधलेला सुरज, आणि स्टिअरिंगवर मी. दिवाळीत तुम्ही मला पुण्यात गाडी शिकवली होती म्हणून हा मान माझा. गावातल्या बायका दारात येऊन बघत होत्या आणि गाडीकडं कमी, माझ्याकडं जास्त बघत होत्या. स्टिअरिंगचं कुलूप सुटावं म्हणून मी बटण दाबून नुसता करंट चालू ठेवला होता, इंजिन बंद. पारापर्यंत सगळं राजेशाही झालं.

पारापासून मारुतीच्या देवळाकडं उतार आहे, हे मी लहानपणापासून रोज बघते आहे. पण त्या उताराचा हिशोब मी केला नव्हता. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास. उतार लागला तसा दोर सैल पडला, आणि थोड्या वेळानं बैल गाडीला ओढत नसून गाडी बैलांच्या मागं लागली आहे असं दिसायला लागलं. ब्रेक दाबला तर दगडासारखा घट्ट. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही, हे तुम्ही मला शिकवलं होतं, आणि मला ते नेमकं तिथंच आठवलं. सुरज म्हणाला, "ताई, मला खाली उतरू दे, माझं आज लगीन हाय." काकांनी पुढं होऊन कोयत्यानं दोर तोडला आणि जोडी बाजूला घेतली. आता मधे कुणी नव्हतं, समोर बँड होता. मी इंजिन चालू केलं.

तो आवाज तुम्हाला माहीत आहे. आमच्या गावाला माहीत नव्हता. बँडवाल्यांनी वाट दिली, ती शेजारच्या ज्वारीतून दिली. शांतलिंगकाकांचे बैल धरणाच्या बाजूला गेले आणि चार वाजता परत आले. आबांची मेंढरं कुंपणाच्या पलीकडं सापडली, ती तिथं कशी गेली ते मेंढरांनाच ठाऊक. पण ब्रेक लागला मामा, आणि गाडी मारुतीच्या पायरीपासून दोन हातांवर उभी राहिली. सुरज फेटा सावरत उतरला आणि त्यानं मारुतीला इतका लांब नमस्कार घातला की भटजींना त्याला उठवावं लागलं. तारामतीकाकू तेव्हापासून सगळ्यांना सांगतात, "आमच्या सुरजच्या परण्याला सबंध गाव हाललं."

घरी येऊन मी मीटर पाहिलं. सहा हजार तीनशे चौदा. एक किलोमीटर परत येतानाचा, तो इंजिनाचा. दुसरा बैलांचा. करंट चालू असला की ते मीटर चाकं मोजतं, ओढणारा कोण हे विचारत नाही. म्हणजे बैल जुंपण्याची काही गरजच नव्हती. मी ते तुमच्या वहीत तारीख घालून खरं खरं लिहिलं: "आज दोन किमी. पैकी एक किमी बैलांनी." तुम्ही त्या वहीत कधी खोटं लिहिलं नाही, मग मी कसं लिहू?

आणि वहीवरूनच पुढचा प्रकार झाला. तुम्ही पाठवलेले गोपाळकृष्णराव गेल्या महिन्यात एका बुधवारी सोलापूरहून नळदुर्गमार्गे आले. अशा गाड्यांची किंमत ठरवणं हेच त्यांचं काम, आणि काम ते मन लावून करतात. पांढरे हातमोजे घातले, रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र पत्र्याला ठिकठिकाणी लावलं, तासभर गाडीखाली पडून राहिले. आईनं चहा दिला तर बशी गाडीपासून सहा पावलं लांब ठेवली. मग तुमची वही मागितली. दोनशे पानी, सात वर्षांची, तुमच्या गोल अक्षरात. "पट्टा पाहिला. बरा आहे." "तेल बदलले. जुने तेल मधासारखे निघाले." "शेठच्या जावयाने चालवली. क्लचचा वास. मी काही बोललो नाही." "आज नुसती पुसली." ते वाचत गेले आणि मधे दोनदा "वा" म्हणाले. मग बैलांच्या ओळीवर आले आणि त्यांनी चष्मा काढला.

ते वाईट माणूस नाहीत, मामा. त्यांनी सभ्यपणे समजावून सांगितलं. गाडी अस्सल आहे, भाव उत्तम येईल, हैदराबादचं एक गिऱ्हाईक तयार आहे. पण अशा गाडीत अर्धी किंमत ती कुणाच्या घरात होती याची असते. शेठांचं नाव मोठं. मधे ड्रायव्हरचं नाव आलं की घेणारा बिचकतो, ड्रायव्हरला का दिली, काही खोट होती का, असं विचारतो. म्हणून शेठांनी सही करून दिलेले फॉर्म, ज्यावर घेणाऱ्याच्या जागी नुसती तुमची सही आहे आणि जे तुम्ही दीड वर्षात आरटीओच्या कचेरीत दिलेच नाहीत, ते त्यांच्याकडं सोपवायचे. ते शेठांशी बोलून थेट हैदराबादवाल्याच्या नावावर नवीन करून आणतील. वहीतल्या तारखा टाईप करून घेतील, वही मात्र कुणाला दाखवायची नाही. मी म्हणाले, तारखांवर विश्वास आहे आणि तारखा लिहिणाऱ्याचं नाव नको, हे कसं? ते म्हणाले, "बाळ, बाजार असाच असतो." आणि त्यांनी तुम्हालाच फोन लावला.

तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं, आईनं ऐकलं, आबांनी ऐकलं. "साहेब म्हणत्यात तसं कर पोरी. पैसा मोठा हाय. माझ्या नावाचं काय, तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत मामा म्हणून छापलं तरी लई झालं." आई उठून आत गेली. आबा बाहेर मेंढरांकडं गेले, मेंढरं तेव्हा रानात होती. बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या गाड्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्यातली एक आपली झाली, तर तिच्या कागदातून स्वतःला पुसून टाकायला तुम्हाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला तुमचा राग आला. राग शिल्लक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

गोपाळकृष्णरावांना मी म्हणाले, फॉर्मचं पाकीट सापडत नाही. ते कार्ड ठेवून गेले. बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आई म्हणते ह्या बारीला कुरडया जास्त पाठवीन. आबा म्हणतात, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा.

तुमची भाची,
करिश्मा

ता. क. आई आता स्वयंपाकाला गेली आहे, म्हणून हे वेगळं. पुढच्या बंपरला कडीपाशी बोटभर ओरखडा आहे, दोराचा. गोपाळकृष्णरावांनी तो टिपून घेतला. मी पण वहीत टिपला आहे.

ता. क. २. गेल्या महिन्यात मी फोन करून तुमच्या मोबाईलवर आलेला सहा आकड्यांचा नंबर मागितला होता, गॅसच्या सबसिडीसाठी म्हणून. तो गॅसचा नव्हता, आरटीओचा होता. आयुष्यात मी तुमच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि त्याबद्दल माफी मागते, पण पश्चात्ताप झालेला नाही. पाकीट हरवलं नव्हतं, माझ्या कपाटात पदवीच्या प्रमाणपत्राखाली होतं. गोपाळकृष्णराव गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहिल्या एसटीनं मी धाराशिवला आरटीओत गेले. पत्ता तुमच्या गावच्या घराचा घातला. खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म पाहिला, माझ्याकडं पाहिलं, परत फॉर्म पाहिला आणि विचारलं, "येरमाळ्याचा पत्ता? ही गाडी?" मी म्हणाले, हो, येरमाळ्याचाच.

ता. क. ३. खरं मागणं हे आहे: दोन दिवस रजा काढून या. हैदराबादचं गिऱ्हाईक अजून थांबलं आहे, भाव थोडा उतरवून. गाडी विकायची असेल तर खुशाल विका, मी अडवणार नाही. ठेवायची असेल तर शेड आहेच. ते मालकानं ठरवायचं. सोबत नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे, मूळ प्रत परवाच येरमाळ्याच्या पत्त्यावर पोस्टानं आली, ती मी जाऊन आणली. मालकाच्या रकान्यात टाईप केलेलं आहे: भागवत सिद्धेश्वर देवकते.