मिस्तरी न लावता गाडी दुरुस्त झाल्याबाबत

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर, रविवार, दिवेलागणीची वेळ

तीर्थरूप सिदूमामा यांस,

भाचा मल्हार याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आई आणि मी इकडे सुखरूप आहोत, आणि गाडीही सुखरूप आहे. या शेवटच्या तीन शब्दांसाठीच हे पत्र आहे, पण ते सावकाश येऊ द्या. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? केरामामींचा खोकला गेला का? काळ्या एडक्याने गेल्या महिन्यात मला जिथे धडक दिली, ती जागा आता दुखत नाही, असे त्यालाही सांगावे. फोन का केला नाहीस, असे तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि माझे वाक्य पुरे व्हायच्या आत मामींच्या हातात देता, मामी तिकडे ऊन किती आहे ते विचारतात आणि ठेवून देतात. एवढी मोठी हकिगत त्यात बसणारी नाही. पत्र सुकन्या वाचून दाखवेल, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत बसून ऐकणे भाग आहे. (सुकन्या, कंसातला मजकूर तुझ्यापुरता, तो मोठ्याने वाचायचा नाही. बाकीचे मात्र शाळेत पोरांना धडा वाचून दाखवतेस तसे सावकाश वाच, आणि अधूनमधून मामांच्या चेहऱ्याकडे बघ.)

गेल्या महिन्यात आई तुमच्याकडे ज्या कामासाठी आली होती, म्हणजे माझ्यासाठी सुकन्येला मागणी घालायला, त्या कामाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. मी गाडीबद्दलच लिहिणार. पण दोन्ही कामे तुम्हीच एका दाव्याला बांधलीत, त्याला माझा काय इलाज? त्या दिवशी गाडी तुमच्या मेंढवाड्यासमोर येऊन गुरगुरली आणि मेली. मग तुम्ही, मामी आणि शेजारचे बिरुदेवअण्णा अशा तिघांनी ती ढकलली, आणि वर इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो मी. तरी ती चालू झाली नाही. तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत जे बोललात, ते मला तोंडपाठ आहे.

"सवताची गाडी सवताला चालू करता येत न्हाय, आन माजी ल्येक न्यायला आलाय व्हय? तुजं सर्टिफिकेट मला वाचता येत न्हाय. हात दाव. मिस्तरी न लावता ही गाडी नीट कर, मग बोलू की."

मामा, राग नाही. मी बी.कॉम. आहे, कचेरीत लिपिक आहे, आणि पेन आणि स्टेपलर यांखेरीज माझ्या हातांनी काही धरलेले नाही, हे खरेच आहे. पण ते आईला चारचौघांत ऐकावे लागले याचे मला वाईट वाटले. गाडी टेम्पोत घातली आणि आम्ही एसटीने निघालो. मंगळवेढ्याला शेंगा घेताना आई म्हणाली, की माझ्या भावाचं काही चुकलं नाही. त्याचे तर जास्तच वाईट वाटले. (तू तेव्हा दारात उभी होतीस. हसलीस की नाही, ते मी विचारत नाही.)

दुसऱ्याच दिवशी मी बसू मिस्तरीकडे गेलो. दुरुस्तीला नव्हे, नुसते विचारायला. बसू अक्कलकोटकडचा, अर्धे कानडीत बोलतो आणि उरलेले अर्धे हाताने. माझी पूर्ण हकिगत ऐकून त्याने एकच नाव घेतले, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. नाव ऐकून बिचकू नका. आपण मूठ पिळली की इंजिनात हवा शिरायची झडप उघडते. ती किती उघडली, हे गाडीच्या डोक्याला कळवायला बोटाएवढा एक डबा बसवलेला असतो, तोच हा. मेंढरे वाघरीच्या जाळीत शिरताना तोंडाशी उभा राहून एक माणूस आकडा ओरडतो ना, तसा. त्याने चुकीचा आकडा ओरडला, की जे हरवलेच नाही ते मेंढरू हुडकत मालक रानभर फिरतो. मूठ सोडलेली असताना माझ्या गाडीच्या सेन्सरच्या तारेत मीटरवर पॉइंट सहा व्होल्ट दिसायला हवेत, असे बसू म्हणाला, आणि मी नव्या पेठेतून मीटर आणून बघितले तर पॉइंट आठ. म्हणजे मी मूठ सोडून सात रस्त्याला सिग्नलपाशी उभा असलो तरी गाडीला वाटणार, मालक मूठ पिळतोय. मग ती आधी डरकाळ्या फोडणार आणि नंतर गोंधळून बंद पडणार. सात रस्त्याला गाडी बंद पडली की सातही रस्त्यांचे लोक हॉर्न वाजवतात, हे तुम्हाला सांगोल्यात बसून कळायचे नाही.

तर पहिल्या रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली. मीटरच्या टोकांना जोडायला बारीक पिना हव्या होत्या. तुमच्या बहिणीच्या बांगड्यांत जन्मभर पिनांचा घोस लटकलेला असतो, तरी त्यातल्या दोन सोडवून घ्यायला मला पाव तास आर्जव करावे लागले. (त्या पिना अजून गाडीच्या डिकीत आहेत. आईला वाटते हरवल्या.) मग मूठ पिळायला आणि सोडायला तिलाच उभे केले. ती म्हणाली, की या वयात मला गाडी शिकवतोस काय, पण उभी राहिली. सेन्सर दोन स्क्रूंवर असतो, ते ढिले केले की तो केसभर इकडे-तिकडे फिरतो. ढिले करण्याआधी मी एक शहाणपणाचे काम केले. मेंढीच्या पाठीवर खूण करतो तशी तुळशीच्या कुंडीवरचा गेरू घेऊन सेन्सरवर रेघ ओढली, म्हणजे मूळ जागा चुकायला नको. मग श्वास रोखून तो फिरवला, मीटरवर पॉइंट सहा आले, स्क्रू आवळले, आणि आईच्या पाया पडलो. आईने विचारले, काय झाले? मी म्हणालो, गाडी झाली.

गाडी झाली नव्हती. वर बसून मी चालू केली, कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत गेली आणि मेली. ढकलत आणली, मीटर लावला, तर पॉइंट पाच. पुन्हा फिरवून सहा केले. संध्याकाळी बघितले तर सात. पुढचा आठवडाभर कचेरीतून आलो की हेच. रात्री सहावर ठेवावे, सकाळी बघावे तर आठ. मामा, मी एकूण नऊ वेळा तो सेन्सर बसवला. एवढ्या वेळा कचेरीतली एखादी फाईलसुद्धा परत येत नाही. शेवटी शेवटी मला वाटू लागले की तुम्ही मला मुलगी द्यायची नाही म्हणूनच अशी अट घातली. हे मी आईपाशी बोलून दाखवले, तेव्हा तिने मला जेवायला वाढले आणि पाठ फिरवून बसली.

आणि मग आज, दुसऱ्या रविवारी, चमत्कार झाला. मी मीटरवर डोळे लावून बसलो होतो, पॉइंट सहा स्थिर होता. तेवढ्यात आई भाजी घेऊन आली आणि तिने जड पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली. हँडल पिशवीच्या ओझ्याने डावीकडे वळले आणि मीटरवर आठ दिसले. मी ओरडलो, पिशवी काढ. तिने काढली, मी हँडल सरळ केले, आकडा उतरला. पुन्हा अडकव म्हणालो, पुन्हा आठ. आईला वाटले माझे डोके फिरले, ऊनही तसेच होते. पण मला तेव्हा कळले, की आकडा सेन्सरमुळे नव्हे, हँडलमुळे बदलतो आहे. मुठीपासून निघून झडप ओढणाऱ्या तारेवर बोट ठेवून मी पुढे सरकत गेलो, आणि दिव्याच्या मागे, हँडलच्या दांडीपाशी, बोट अडकले.

तिथे तुमचा दोरा होता, मामा. गाडी घेतली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून भंडारा उधळून काळ्या एडक्याच्या लोकरीचा दोरा तुम्ही स्वतः वळलात आणि सात गाठी मारून हँडलला बांधलात, त्यात ही मुठीची तारही आली होती. तेव्हा तो चांगला सैल होता. पण गाडी लक्ष्मी आहे, स्वच्छ ठेव, असेही तुम्हीच सांगितले होते, म्हणून मी दर रविवारी तिला शाम्पू लावून गरम पाण्याने खसाखसा घासत होतो. (सोलापुरात या दिवसांत पाणी तापवावे लागत नाही, टाकीतूनच येते.) घोंगडी गरम पाण्यात घासली की आटते, हे आपल्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मी मेंढरांत वाढलो आणि बी.कॉम. झालो. दोरा आटून आटून लाकडासारखा घट्ट झाला होता, त्याने तार आवळून धरली होती, आणि हँडल वळले की मूठ न पिळताच झडप उघडत होती. यात दोऱ्याचा काही दोष नाही, उलट लोकर अस्सल असल्याची ही खूण. बाजारातला नायलॉनचा असता तर दहा वर्षे आटला नसता.

कात्रीने दोन मिनिटांचे काम होते. मी कात्री आणलीही. आई मधे येऊन उभी राहिली. ती एवढेच म्हणाली, "माज्या भावानं बिरोबाचं नाव घिऊन बांदलाय. त्येला कात्री लावायची न्हाय."

मामा, मी कात्री परत ठेवली. मूठ खोलली, तारेचे टोक सोडवले, दोऱ्याला खोबरेल चोळले, आणि ती तार त्या घट्ट फासातून तसूतसूने मागे ओढून काढली. हाताला गोडेतेल लावून बोटातली रुतलेली अंगठी काढतात, तसे. साडेतीन तास लागले. दोन नखे गेली. पण दोरा तुम्ही बांधलात तिथेच, सातही गाठींसकट शाबूत आहे, आणि तार आता त्याच्या बाजूने मोकळी जाते. हँडल डावीकडे न्या, उजवीकडे न्या, पिशवी अडकवा, आकडा हलत नाही. मग तडक बेगमपूरच्या पुलावरून मंगळवेढ्याला गेलो आणि परत आलो. रस्त्यात सतरा गतिरोधक आहेत, मी मोजले. गाडी एकदाही बंद पडली नाही. येताना सात रस्त्याला मुद्दाम लाल दिव्याची वाट बघून उभा राहिलो, आणि सगळ्यांत आधी मी निघालो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मामींना नमस्कार, बिरुदेवअण्णांना खास नमस्कार, आणि त्यांनी ढकलल्याबद्दल आभार.

आपला भाचा,
मल्हार

ता. क. : "मिस्तरी न लावता" या अटीबाबत खुलासा. स्क्रू ड्रायव्हर बसूचा वापरला. आज दुपारी तो चहाला आला होता आणि दोन्ही हात पाठीमागे धरून बघत होता. बघण्यास अटीत मनाई नव्हती. तार परत बसवताना तो एकदा "उलटी हाय की" म्हणाला. बोलण्यासही मनाई नव्हती. हात त्याने लावलेला नाही, आई साक्षीला आहे.

दुसरा ता. क. : सेन्सर शेवटी कुठे बसला, असे तुम्ही विचाराल. गेरूच्या रेघेवर. म्हणजे दहाव्या वेळी मी तो जिथे होता तिथेच परत नेऊन बसवला. त्यात बिघाड नव्हताच. दोष सापडला तो आईमुळे, असे आई म्हणते, आणि हे पत्रात लिही असेही म्हणते. लिहिले.

(सुकन्या, इथे थांब. पुढचे आधी मनात वाच. शेवटचा ता. क. मामांसाठी आहे, पण तो त्यांच्यापर्यंत जाऊ द्यायचा की नाही, हे तू ठरव. आईने तुझ्या वडिलांना विचारले, वडिलांनी माझे हात बघायचे ठरवले, मी गाडी खोलली. या सगळ्यात तुला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही, आणि न विचारणाऱ्यांत मीही आहे. काल रात्री हे लक्षात आले तेव्हा फार लाज वाटली. तुझ्या मनात नसेल तर "पत्र संपलं" म्हण आणि कागदाची घडी घाल. मामांना काही कळणार नाही, मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि भाचा म्हणून पूर्वीसारखाच येत-जात राहीन. मनात असेल, तरच पुढचे मोठ्याने वाच.)

शेवटचा ता. क. : मामा, हे तुमच्या कानांवर पडत असेल, तर तुमच्या लेकीने आत्ता तुमच्यासमोर, मोठ्याने, होकार दिला आहे. आता राहिलात फक्त तुम्ही.