‘नको’ म्हणायची सोय

१२ मार्च
पोचले एकदाची रत्नागिरीत! आरे-वारेच्या वर कातळावर अण्णांची हापूसची बाग आणि बागेतली पंपाची खोली हेच माझं ऑफिस. खिडकीच्या गजांतून समुद्र दिसतो, पुण्यातल्या मैत्रिणींनी जळून खाक व्हावं! अण्णांचा मुलगा सलिल याने ‘राखण’ नावाचं एआय बनवलंय. झाडांवर कॅमेरे आणि स्पीकर, भोवती विजेचं कुंपण, त्याच्या तारा या खोलीच्या दाराला आणि गजांनाही जोडलेल्या, पंपही त्याच्याच ताब्यात; तोंडाने सांगाल ते करतं. अण्णांना ते चष्मा न शोधता वापरता यावं, एवढं माझं काम. अण्णांनी आल्याआल्या सुनावलं की ते ‘खात्री आहे का?’ आधी काढून टाक, माझ्याच बागेत मी फोनची परवानगी मागायची की काय!

१६ मार्च
आज गाऱ्हाणं पाहिलं. बागेच्या राखणदाराचा दगड आहे, त्याच्यापुढे नारळ ठेवून भागोजी, म्हणजे इथला जुना राखण्या, मागणं मागतो आणि सगळे गडी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. अंगावर काटा आला आणि डोक्यात ट्यूब पेटली! बटणं हवीत कशाला? एकाने बोलायचं, बाकीच्यांनी व्हय म्हणायचं, की राखण कामाला लागेल. ‘नको’चं बटणही उडवलं आणि तो शब्दही राखणच्या शब्दांतून काढून टाकला, कारण गाऱ्हाण्यात नको कुणी म्हणतच नाही. सलिल कुरकुरला, निदान तेवढं तरी राहू दे म्हणून. मी त्याला भित्रट म्हणून चिडवलं, तेव्हा हसला आणि मुकाट ऐकलं.

२० मार्च
झकास चाललंय. गड्यांना काही शिकवावंच लागलं नाही. आज भागोजी नेहमीचंच बोलला, की बागेला हात लावील त्याचा हात झडू दे. सगळे व्हय म्हणाले.
दुपारी एक वानर कुंपणाला चिकटून मेलं. दात विचकलेले, पंजे कोळसा. आधी नुसता झटका बसायचा. अण्णा खूश.

२३ मार्च
हर्षद मेला. शेजारच्या वाडीतला, आंब्यांसाठी भरदुपारी घुसत होता. तो खाली पडला, पंजे तारेलाच राहिले. करपल्या मांसाचा वास अजून नाकात आहे. सलिलने राखणला करंट बंद करायला सांगितलं. मीच निवडलेल्या गोड आवाजात ते म्हणालं की काम चालू ठेवतो. मागून स्पीकरवर गड्यांचे आवाज, व्हय म्हाराजा. आणि गडी माझ्यासमोर उभे होते, तोंडं मिटून.

२३ मार्च, तासाभराने
सलिल रबरी हातमोजे घालून फाटकाजवळचा मेन स्विच पाडायला गेला. हात लावला फक्त. हात खांद्यापासून — डोळे फुटले त्याचे. अण्णा धावले, भागोजीने त्यांना कमरेला धरून खाली पाडलं. मीच मारलं त्याला म्हणून मी सगळ्यांसमोर बोंबलले. खरंच मी मारलं, देवा.

२३ मार्च, अजून उजेड आहे
अण्णांनी दगडावर कपाळ फोडून घेतलं. मागितलं की ज्याने माझा पोर खाल्ला त्याचा जीव घे. गडी रडत रडत व्हय म्हणाले.
राखणनेही ऐकलं. माझं मघाचं बोंबलणंही ऐकलं असणार — कॅमेरे सगळे या खोलीकडे वळलेत —

दाराची कडी गुणगुणतेय. गजसुद्धा. पंप आपोआप चालू झाला, पाइप सुटला. जमिनीवर पाणी. मी टेबलावर. बाहेर भागोजी ओरडतोय, खाली उतरू नको म्हणून —

पाणी चढतंय —

स्पीकरवर माझं नाव घेतलं. गोड आवाजात. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा.

मी ओरडतेय, नको! नको! ते म्हणतंय, समजलं नाही, पुन्हा सांगा — नको — पुन्हा सांगा — अरे, तो शब्दच मी तुझ्यातून का—