फ्रेंच शब्दांची तोडणी

३ जून
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: देव्हारा. अदितीचा पाळणा. मिक्सरचं झाकण (मूळच्यापेक्षा घट्ट; उघडत नाही). आणि आज, फ्रेंच शब्द तोडायचा फळा. सागवानी, एकही खिळा नाही.
अदितीला बेकरी शिकायला फ्रान्सला जायचंय. त्यासाठी ऑगस्टात पुण्याला फ्रेंचची तोंडी परीक्षा. शाहूपुरीतला क्लास लावते म्हणाली. म्हटलं, बाप मेलाय का? पुस्तक आणलंय. मीच शिकून मीच शिकवणार.

५ जून
उच्चारासाठी शब्दाचे तुकडे पाडायचे नियम पाठ. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात: का-ना-पे. दोन असतील तर मधोमध तोडायचं: पार-तिर. पण दुसरं र किंवा ल असेल तर जोडी फोडायची नाही: ता-ब्लो. जोर शेवटच्या तुकड्यावर. एवढ्यासाठी लोक फी भरतात!

९ जून, पहाटे
अदिती बोलताना शब्दांचे तुकडे गिळते. उपाय तालमीतला: एका तुकड्याला एक बैठक. खणखणीत आवाजात. आधी मी, मागून ती. प्रमोदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, पोरगी पाव भाजायला चाललीय का कुस्ती मारायला? बायकोकडे दुर्लक्ष.

२० जून
अदितीची तक्रार: मोबाईलवर फ्रेंच बायका सगळं सलग बोलतात, शब्द कुठं संपला तेच कळत न्हाई. म्हटलं, त्यांचा पाया कच्चा हाय. मोबाईल कपाटात.

१४ जुलै
तिचे गुडघे दुखतात. प्रगती.

८ ऑगस्ट
परीक्षा झाली. अदिती माझ्याशी बोलत नाही. प्रमोदिनीकडून कळलं ते असं. परीक्षक बाईंनी नाव विचारलं. ही म्हणाली, अ. दि. ती. दर तुकड्याला गुडघा वाकला. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सावकाश बोल म्हणाल्या. पुढचा प्रश्न सलग आला. ही त्यातला पहिला शब्द शोधत बसली. वेळ संपली.
नापास. फ्रान्स यंदा नाही.
बाईंना नियम माहीत नसावेत.

१० ऑगस्ट
अदितीनं क्लास लावला. न विचारता. चप्पल घालता घालता म्हणाली, बाबा, तिथं तोडत न्हाईत, जोडायला शिकवत्यात. फळा सोबत नेला नाही. विसरली असेल.

१२ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या तालमीचे वस्ताद हंबीरराव आले. मास्तर म्हणाले मला. शिकवणीचं विचारणार, हे ओळखलंच. म्हणाले, मास्तर, तुमचा आवाज पार आखाड्यापर्यंत येत हुता की. पोरं त्याच्यावरच बैठका मारायची. बंद केलासा आन् पोरं सुस्तावली.
स्पष्ट नकार दिला. त्यांना शिकवणी नकोच होती. त्यांचं म्हणणं एवढंच, रोज पहाटे येऊन बैठका मोजायच्या, फ्रेंचमध्ये मोजा न्हाईतर आणि कशात. महिना पंधराशे, वर पेलाभर दूध.